बाबांचा सव्वीस मार्च

सव्वीस जानेवारीला बाबा सगळ्या गावासोबत झेंडावंदनाला जायचे आणि सव्वीस मार्चला घरी एकटेच बांगलादेशाचा स्वातंत्र्यदिन साजरा करायचे. एकाहत्तरच्या लढाईत ते तिथं होते, जेमतेम बाविशीचे शिपाई. मांडीत गोळी लागली तेव्हा तिथल्या त्यांच्याच वयाच्या एका माणसानं त्यांना दाराच्या फळीवर टाकून, नावेनं नदीपार आणलं. तो पुढे शाळेत मास्तर झाला. आधी त्याची पत्रं येत, मग फोन. सव्वीस मार्चच्या सकाळी तर हमखास.

दर्यापूरच्या आमच्या घराच्या फाटकाला बाबा त्या दिवशी मी केलेला कागदी झेंडा लावत, हिरव्यावर तांबडा गोल. मेडलांचा कोट घालून शेजारीपाजारी जिलबी वाटत.

एका वर्षी गल्लीतले चौघे फाटकाशी आले.

"काका, हिरवा झेंडा कावून लावला?"

"अरे, बांगलादेशचा हाये तो. आपल्या दोस्ताचा."

"कायचा दोस्त? आता ते आपले नाई रायले. काढा तुमी."

बाबा एरवी तासन् तास वाद घालत. त्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं झेंडा उतरवला. "कितीकांले समजावून सांगाचं, बाई," एवढंच मला म्हणाले. मी पायरीवर उभी होते. चौघांशी एक शब्द बोलले नाही. त्याच गल्लीत राहायचं होतं मला.

तरी पन्नासाव्या वर्षाची त्यांना फार ओढ होती. मास्तरनं बोलावणं धाडलं होतं, पासपोर्टही काढून झाला. पण त्या वर्षी करोना पुन्हा उसळला तो आधी आमच्या अमरावतीकडेच. बाबांना अमरावतीच्या दवाखान्यात भरती केलं. दारातून आत जाताना त्यांनी मागं वळून पाहिलं, काहीतरी बोलले. मास्कमुळं मला ऐकू आलं नाही. सव्वीस मार्चला तीन दिवस उरले असताना ते गेले. सलामी नाही, तिरंगा नाही. पालिकेच्या माणसांनी दहन उरकलं, मी लांबून पाहिलं.

सव्वीसला सकाळी फोन वाजला.

"बेटी, आज हमारा देश पचास साल का हो गया! भाई को दो फोन."

त्याच्यामागं लाउडस्पीकरवर गाणी चालली होती. माझ्या तोंडून निघालं, "सो रहे हैं, चाचा."

"सोने दो. उठे तो बोलना, अगले साल जरूर आना."

दुसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला. मग आठवडाभर येत राहिला. मी उचलला नाही. खरं सांगायला आता उशीर झाला, असं रोज वाटायचं आणि रोज आणखी उशीर व्हायचा.

साडेतीन वर्षांनी मीच फोन लावला. तिकडं नुकतंच सरकार उलथलं होतं आणि भारतावर राग उसळला होता. त्याच्या नातवानं उचलला. दादा, म्हणजे त्याचे आजोबा, दोन वर्षांपूर्वी वारले म्हणाला. शेवटी शेवटी विचारत होते, भाई रागावला काय माझ्यावर? मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं विचारलं, "इंडिया से बोल रही हैं न?"

"हां."

"अब यहाँ फोन मत कीजिए."

तो उद्धटपणे बोलला नाही. दमलेला वाटला. मी बरं म्हटलं. भाई रागावला नव्हता, हे सांगायचं राहिलंच. आणि आता ज्याला सांगावं असं तिकडंही कुणी नाही, इकडंही नाही.