काशीराम परबांच्या भिंतीतल्या पोया

भटवाडीच्या चढावर काशीराम परबांचं घर विचारलं, की लोक म्हणायचे, "कोण, ते मिक्सरवाले का?" उभी हयात त्यांनी अंधेरीच्या एका कंपनीत लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर गल्लीतले पंखे, मिक्सर, इस्त्र्या आपसूक त्यांच्या ओट्यावर येऊन बसू लागल्या. बंद पडलेली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवत. वस्तू चालू करून परत देताना ते काही बोलत नसत, फक्त एकदा बटण दाबून दाखवत.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत पोया राहत. मालवणकडच्या गावी त्यांनी त्या लहानपणी झाडाच्या ढोलीत पाहिल्या होत्या. मुंगीएवढ्या काळ्या मधमाश्या, नांगी नसलेल्या. घाटकोपरचं घर पक्कं करताना सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांची भिंत घातली, आणि कधीतरी खिडकीखालच्या भोकातून करंगळीएवढी राळेची नळी बाहेर आली. सुलक्षणाबाईंनी नवऱ्याला भोक बुजवायला सांगितलं. त्यांनी उलट आतल्या बाजूने ठोकळा कापला आणि काचेचं झाकण बसवलं. चैत्रात ते झाकण काढायचं, द्राक्षाएवढी मेणाची दोन-चार मडकी फोडायची आणि वाटीच्या तळाशी बसेल एवढा मध घ्यायचा. पातळ, आंबटगोड मध. बाकीचा पोयांचा. गल्लीत कुणाला खोकला झाला की चमच्याचं टोक बुडवून मिळे. शेजारच्या राजेशची जान्हवी तर खोकला नसतानाही खोकत यायची.

यंदा गणपती गेले आणि गल्लीत डेंग्यू आला. जान्हवीला इस्पितळात ठेवावं लागलं, प्लेटलेट उतरत चालल्या होत्या. एका दुपारी राजेश कपडे न्यायला घरी आला तो सरळ काशीरामांच्या ओट्यापाशी येऊन थांबला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"काका, आज धूर मारणारे येतायत. तुम्ही दरवर्षी त्यांना दारातून परत पाठवता."

काशीरामांनी हातातला मिक्सर खाली ठेवला.

"या वेळी नका पाठवू ना."

त्याच्या आवाजात राग असता तर काशीरामांना भांडता तरी आलं असतं. ते एवढंच म्हणाले, "येऊ दे त्यांना."

मग ते फडकं भिजवून खिडकीशी गेले. नळी बंद करून धूर आत जाऊ द्यायचा नाही, असा विचार होता. पण भर दुपारी अर्ध्याहून जास्त पोया बाहेर होत्या. पायांना पिवळे पराग लावून एकेक जण येत होती, नळीवर उतरून आत शिरत होती. संध्याकाळी सगळ्या घरी आल्यावर नळी बुजवली असती तर गोष्ट वेगळी. ते धावत गल्लीच्या तोंडाशी गेले आणि उद्या उजाडायच्या आत या म्हणून धूरवाल्यांना विनवू लागले. मशीनवाला तसा बरा माणूस होता. पण उद्या त्याला दुसरी वस्ती नेमून दिली होती.

बंद केलं तर बाहेरच्या मरणार, उघडं ठेवलं तर सगळ्या. काशीरामांनी फडकं लावलं. परतणाऱ्या पोया त्या ओल्या कापडावर गोळा होऊ लागल्या, वाट शोधत कडेकडेने फिरू लागल्या. ते बघतच राहिले. शेवटी सुलक्षणाबाईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं, आणि पांढऱ्या धुरात खिडकी दिसेनाशी झाली.

धूर विरला तेव्हा चौकटीवर मोहरी सांडावी तशा पोया पडल्या होत्या. काचेतून पाहिलं तर आत थोडी हालचाल होती. काशीरामांना धीर आला. सुलक्षणाबाईंनी साखरेचं पाणी करून बाटलीच्या झाकणात ठेवलं. पण धूर भिंतीच्या फटींतून आतही शिरला होता. मोठ्या पोटाची राणी तळाशी आडवी पडली होती आणि उरलेल्या तिच्याभोवती नुसत्या उभ्या होत्या.

बोरिवलीच्या ऋता नावाच्या बाई अशा माश्या पाळतात, असं कुणीतरी सांगितलं. काशीरामांनी फोन लावला. दुसरी राणी आणून सोडली तर? आपल्याकडे देण्याजोगी राणी नाही, बाई म्हणाल्या. आतली पिल्लंही मेली असतील तर नवी राणी व्हायची नाही, मग काहीच करता येणार नाही, आणि तो मध आता कुणी खाऊ नका. तरी काहीतरी असेलच की, असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

"फ्यूज गेला असता तर बदलला असता," फोन ठेवून ते बायकोला म्हणाले.

"सगळाच दुरुस्त होणा नाय," सुलक्षणाबाई म्हणाल्या आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला. तो तसाच निवला.

जान्हवी बरी होऊन घरी आली. काशीराम शहाळं घेऊन तिला बघायला गेले. पोर चिपाडासारखी झाली होती, पण हसली, आणि मुद्दाम खोकली. राजेशने मान खाली घातली.

"आता मध नाही गं," काशीराम म्हणाले.

"का?"

त्यांनी शहाळ्यात नळी खोचून दिली. "संपला."

पुढे भिंतीत लाल मुंग्या लागल्या. काशीरामांनी पत्र्याच्या पट्टीने आतलं सगळं खरवडून काढलं. भरलेली मडकी अजून कितीतरी होती. कुणाच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून त्यांनी ती टेकडीवर नेऊन पुरली. चार दिवस स्वयंपाकघरात आंबूस वास होता, मग तोही गेला.

दिवाळीच्या आधी धूर मारणारे पुन्हा आले. या वेळी काशीरामांनी स्वतःच दार उघडून दिलं आणि राजेशच्या शेजारी गल्लीत जाऊन उभे राहिले.