हेस्टरबाईंनी शेकलेली पत्रं

हेस्टर क्लटरबक बाईंना ओलं काही बघवत नसे. इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशरच्या पावसात सगळंच ओलं, त्यामुळे डॉक्टर मेरेटांच्या घरी स्वयंपाकपाणी सांभाळताना बावीस वर्षं बूट, मोजे, टोप्या, जे येईल ते त्या चुलीपाशी शेकत आल्या. टपालसुद्धा. शिवाय शेकता शेकता पत्र कुणाचं, आत काय असेल, याचा अंदाज बांधता येई. बाई भारी चौकस.

त्या वर्षी बाथ शहरातल्या एका डॉक्टरांची पत्रं येऊ लागली. घडीत एक दोरा असे, गाईंना येणाऱ्या देवीच्या फोडांतल्या लशीत भिजवून वाळवलेला. मेरेट पोरांच्या दंडाला बारीक चीर देऊन तो दोरा आत ठेवत. दंडावर फोड आला, की पोर देवीच्या तडाख्यातून सुटलं. बाईंच्या भाचीच्या मुलीला, टॅबीला, दोनदा टोचलं, पण दंड आपला कोराच. आणि देवीची साथ तर शेजारच्या गावात येऊन ठेपली होती.

"बाथवाल्यानं मेलेले दोरे पाठवले," मेरेट नाश्त्याला म्हणाले. तसं त्यांनी खरमरीत लिहिलंही. तिकडून त्याहून खरमरीत उत्तर आलं.

"दोरा मरतो कशानं हो, डॉक्टरसाहेब?"

"ते ठाऊक असतं तर तुमची करपलेली अंडी मुकाट्यानं खात बसलो असतो का, हेस्टरबाई?"

बाईंना काही तो प्रश्न सोडेना. मंगळवारी त्यांचा पाव फुगला नाही. खमिराचं भांडं चुलीला फार चिकटून राहिलं होतं, त्या धगीनं खमीर मेलं होतं. त्या चपट्या पावाकडे बघता बघता त्यांना चुलीपाशी शेकलेली बाथची पत्रं आठवली.

त्या तडक डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. "दोरे मी मारले. येईल ते पत्र शेकत होते. हवं तर आजच काढा मला."

मेरेटांनी बाईंना काढलं नाही, कागद पुढे ओढला. मग त्यांनी बाथला नवा दोरा मागितला. आलेलं पाकीट बाईंनी चुलीपासून लांबून, हात ताठ धरून नेलं. आठव्या दिवशी टॅबीच्या दंडावर टपोरा फोड आला, तेव्हा बाई सगळ्यांदेखत रडल्या.

बाथहून विचारणा आली, आधीचे वाया गेले, मग हाच दोरा कसा लागू पडला?

"माझी हयगय झाली, एवढंच लिहितो," मेरेट म्हणाले. "तुमचं नाव कशाला चव्हाट्यावर?"

"हेस्टरनं चुलीपाशी शेकले, असं स्पष्ट लिहा," बाई म्हणाल्या. "त्यांचे दोरे आणखी कितीतरी घरी जात असतील. तिथंही पत्रं वाळवणारी कुणीतरी असेलच की."