धाडची त्सुनामी

मलकापूर स्टेशनवर गाडी यायला वेळ होता. तेवढ्यात बाबांनी शेजारच्या बाकावरच्या कुटुंबाला माझं सगळं सांगून टाकलं. बाबा एसटीचे ड्रायव्हर. अनोळखी माणसांशी बोलायला त्यांना निमित्त लागत नाही. "माही पोरगी इंग्लंडले चालली. समुद्राच्या लाटाइवर शिकाले."

"बाबा, समुद्राच्या नाही. समीकरणातल्या."

"तेच ते."

मुंबईपर्यंत मी त्या 'तेच ते'वर धुमसत राहिले. रडायचं राहूनच गेलं.

तुम्ही जे आमच्या धाड गावातच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, त्या तुम्हाला एकदाच सांगते. माझी लाट कागदावरची आहे. तिचं नाव सॉलिटॉन. मागून वेगाने येणारी मोठी लाट पुढच्या लहान लाटेत शिरते, आणि दोघी जशाच्या तशा बाहेर पडतात, फक्त जागा थोडी सरकलेली. असं वागणारं समीकरण एकटं नसतं, त्याच्यामागे समीकरणांची न संपणारी रांग असते. आणि त्या सगळ्यांची उत्तरं बीजगणितातल्या वक्रांमधून काढता येतात. वक्राचं वेटोळं चिमटीत आवळत नेलं की पुन्हापुन्हा येणाऱ्या लाटांतून एकटी लाट उरते. हे आवळताना नेमकं काय टिकतं, ते मी शोधते. इंग्लंडमध्ये माझे सुपरवायझर महिनाभराचं काम पाहून "ऑब्व्हियस" म्हणायचे आणि कॉफी आणायला जायचे. हीटर बंद पडलेल्या खोलीत बसून मी ते ऑब्व्हियस सिद्ध करत असायची.

पीएच.डी. झाली आणि मी सुट्टीवर धाडला आले. विहारात सत्कार ठेवला होता. दारातच बॅनर: माझा फोटो, मागे घरं गिळणारी लाट, आणि खाली 'त्सुनामी-तज्ज्ञ'. वंदना झाली, हार झाला. मग शांतामावशी उठली. आईची ही धाकटी बहीण मनातलं मनात ठेवत नाही.

"पोरी, आपल्याकडं तं समुद्रच नाही. मंग तू वापस कशाले येशीन?"

सगळे हसले. आई हसली नाही. तेव्हा माझा ताबा सुटला. "मावशी, माझ्या कामात समुद्र नाहीच! त्सुनामीतलं मले काही कळत नाही. हे कोणी सांगितलं तुम्हाले?"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा पायाजवळची सतरंजी सरळ करत राहिले.

घरी आल्यावर मी विचारलं, "काऊन असं सांगितलं, बाबा?"

"लोकं इचारतात, पोरगी काय करते म्हणून. मी तुले इचारलं का तू म्हणतं, तुम्हाले नाही समजणार. मंग काहीतरी सांगा लागते ना, बाप हाय म्हणून."

तशीच चिडलेली मी बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. बाबांनी जेवण थांबवलं. वक्र पहिल्यांदा वळायच्या आतच त्यांनी चार वेळा "काऊन?" विचारलं.

आता इंग्लंडमध्येच नोकरी आहे. मी परत कधी येणार, हे मावशी अजून विचारते. इकडे कोणी 'होम' विचारलं की मी बुलढाणा सांगते. मग नकाशा काढावा लागतो, मग तेही "ओह, नियर मुंबई" म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. रविवारी बाबांचा फोन येतो. आठवडाभरात काय अडलं ते मी सांगते, आणि ते मध्येमध्ये "काऊन?" म्हणून तोडतात. गणितात त्याचा काडीचा उपयोग होत नाही. तरी शनिवारपासूनच मी काय सांगायचं ते मनात जुळवायला लागते. घर म्हणजे आता एवढंच उरलंय, आणि ते पुरतं.

मागच्या रविवारी फोन ठेवताना म्हणाले, "आज अर्धं समजलं."

"कोणतं अर्धं, बाबा?"

"तू चिडली होती, ते."