काकूंच्या खांद्यावरची पिन

आमच्या चुलतसासूबाईंइतका कपड्यांचा गंभीरपणे विचार केलेली बाई उभ्या धाराशिव जिल्ह्यात दुसरी नसेल. हौसेनं नटणाऱ्या बायका आमच्या जळकोटातही गल्लोगल्ली आहेत, पण काकूंना हौस ठाऊकच नव्हती. त्यांना फक्त ऑफिस ठाऊक होतं. परंड्याच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी सगळी नोकरी काढली. निवृत्त झाल्या, काका गेले, तेव्हा त्या जळकोटला आमच्या शेजारच्या खोल्यांत राहायला आल्या. पण सकाळी कचेरीच्या वेळेला कडक खळीची सुती साडी आणि घट्ट अंबाडा अशा थाटात दारातल्या खुर्चीवर बसायचं काही त्यांनी सोडलं नाही. भाजीवाला त्यांच्याशी बोलताना आपोआप हात जोडायचा. आपण काहीतरी अर्ज घेऊन आलोय असं त्यालाही वाटत असावं.

त्यांच्याबरोबर साडी घ्यायला जाणं म्हणजे एक दिव्यच. सोलापूरच्या दुकानात त्यांनी गादीवर बसायला साफ नकार दिला आणि खुर्ची मागितली. साडी अंगावर लपेटून त्या खुर्चीत बसल्या, उठल्या, उंच फळीवरची फाइल काढावी तसा हात वर केला आणि शेवटी पडलेला कागद उचलावा तशा वाकल्या. पदर जागचा हलला तर साडी नापास. दुकानदारानं जरीची एक पुढं सरकवली, तर म्हणाल्या, "ही लग्नाला. हापिसात आपुन नवरी न्हाय." बांगड्या मोजक्या, गजरा वर्ज्य, आणि फटफट वाजणारी चप्पल तर त्यांच्या लेखी गुन्हाच. "सही करताना बांगडी वाजली की समोरचा बांगडीकडं बघतो, कागद ऱ्हातो बाजूला," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की माझी बांगडी वाजली की मला आधी त्यांचाच आवाज ऐकू येतो. पंजाबी ड्रेसला मात्र त्यांची हरकत नव्हती. ओढणी दोन्ही खांद्यांना टाचलेली असली की झालं. गावातली पोरगी मुलाखतीला निघाली की आधी त्यांच्या दारात उभी राहायची. एक जण टिकल्याटिकल्यांचा ड्रेस घालून आली. बसची वेळ झालेली. काकूंनी तिला आत नेऊन ड्रेस उलटा घालायला लावला आणि शिवणी ओढणीखाली झाकल्या. "आतली बाजू बघ किती शानी हाय," म्हणाल्या. पोरीला नोकरी लागली. ड्रेसमुळं लागली असं काकू अजून सांगतात, आणि त्यांच्यापुढं दुसरं कारण काढायची कुणाची छाती नाही.

पण त्यांचा खरा विश्वास होता तो सेफ्टी पिनेवर. पदराच्या निऱ्या बोटाएवढ्या घालून त्या डाव्या खांद्यावर अशा टाचायच्या की वारं सुटलं तरी हलायच्या नाहीत. जादा पिना बांगडीत अडकवलेल्या असत. एवढं असून, त्यांच्या जुन्या साड्यांच्या घड्या घालताना मला एक गोष्ट दिसायची: प्रत्येक साडी त्याच जागी, खांद्यावर, बारीक बारीक फाटलेली. इतकी जपणारी बाई, आणि हे असं कसं? विचारलं की म्हणायच्या, "घाईत निघाली आसंल पिन." घाई हा शब्द काकूंना शोभणारा नव्हता, म्हणून तो माझ्या लक्षात राहिला.

त्याचा अर्थ कळायला मला नोकरी लागावी लागली. नळदुर्गच्या एका बँकेत मी काउंटरवर बसू लागले. अजून कायम झाले नव्हते. अडचण अशी की जळकोटचे निम्मे म्हातारे त्याच बँकेत येतात आणि त्यातला प्रत्येक जण नात्यानं माझा सासरा किंवा भाया, म्हणजे थोरला दीर, लागतो. थोरल्यांसमोर सुनेनं बसायचं नाही, डोक्यावर पदर हवा. त्यामुळं एक पागोटं दारात दिसलं की मी उठायची, पदर ओढायची, अर्धी वळायची. खिडकी बंद झाली असं समजून रांग पलीकडं जायची. मी बसले की रांग परत यायची. साहेबांनी हा प्रकार काही दिवस पाहिला आणि मग मला बोलावलं. "ताई, पुढच्या महिन्यात तुमचा अहवाल पाठवायचाय. असंच चाललं तर काउंटर जमत नाही असं मला लिहावं लागेल." घरी सासऱ्यांना, म्हणजे मामांना, हे सांगायचं कसं? मामा, म्हणजे काकूंचे थोरले दीर, भला माणूस, पण रीतीला पक्का. मी काकूंकडं जाऊन रडले.

काकूंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "तुझे मामा परंड्याला सोयऱ्यांकडं यायचे तवा माझ्यासाठी हुरडा आणायचे. पर कचेरीत कदी आले न्हाईत. बाहीर लिंबाखाली उभं ऱ्हाऊन शिपायाला धाडायचे. मी पिन वढून काडायची, पदर डोक्यावर घ्यायची आन बाहीर जायची." खांद्यावरची पिन चाचपत म्हणाल्या, "मी खुर्चीत कशी बसते, ते घरातल्या कुनीबी बगितलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः माझ्या पदराला पिन लावली. एक खांद्यावर आणि एक मागून, ब्लाउजच्या शिवणीत. "आता हात वर गेला तरी पदर यायचा न्हाय," म्हणाल्या. पेन्शनीचा दिवस होता. दुपारी मान वर केली, तर रांगेत समोर मामा. हात सवयीनं वर गेला, पदर ताणला आणि तिथंच अडकला. उघड्या डोक्यानं उठावं तरी कसं? मी बसूनच राहिले. मागं जळकोटची सगळी मंडळी बघत होती. मामांनी माझ्या खांद्याकडं पाहिलं. तसली पिन त्यांनी आधी पाहिली असणार, लिंबाखाली, काकूंच्या हातात, काढलेली. मग पासबुक खिडकीतून आत सरकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्याडम, येवढं बुक भरून द्या."

त्यानंतर जळकोटच्या कुणाही म्हाताऱ्यानं मला उठायला लावलं नाही, आणि पुढं मी कायम झाले. पण त्या संध्याकाळी काकूंनी नोकरीचं काही विचारलंच नाही. "थोरले आत आले?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्या बराच वेळ साडीचा काठ सारखा करत बसल्या.

अलीकडं काकूंची बोटं थरथरतात. सकाळची पिन मीच लावते, सुट्टी असो वा नसो. परवा ती लावत होते, तेवढ्यात मामांचा आवाज आला. हुरड्याची पिशवी घेऊन ते अंगणात उभे होते, उंबऱ्याच्या बाहेर, नेहमीसारखे. काकूंचा हात खांद्याकडं गेला. पिन निघेना, म्हणून मी पुढं झाले, तर त्यांनी माझा हात धरला. खुर्चीत नीट सरळ बसल्या.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "त्यास्नी आत बोलीव."