शेवटच्याला आधी पाणी

गुणवंतअण्णा चहा वाटायचे तेव्हा दारापासून सुरुवात करायचे. काउंटरला टेकून बसलेल्या गिऱ्हाइकाचा हात पुढे यायचा, आणि अण्णा त्याला ओलांडून उंबऱ्याशी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला पहिला कप द्यायचे. "जवळच्याला काय, मिळतंच," म्हणायचे. कुणी तोंड वाकडं केलं तरी त्यांचा क्रम बदलायचा नाही. मला शेवटचा कप मिळायचा, तोही निवलेला. दुकान माझं होतं, पण त्याचं त्यांना काही नव्हतं.

बीडमध्ये क्लासवाल्यांच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अण्णा त्याच इमारतीत मागच्या खोलीत राहायचे. बायको गेलेली, लेक चौसाळ्याला दिलेली. सगळी नोकरी त्यांनी कालव्यावर पाटकरी म्हणून काढली होती. म्हणजे पाण्याची पाळी आली की कालव्यातून फुटणाऱ्या कोणत्या चारीचं दार कधी उघडायचं आणि किती वेळ, हे सांभाळणारा माणूस. उन्हाळ्यात त्यांच्या खोलीत बसवायचं नाही, म्हणून अकराच्या सुमारास ते माझ्या कूलरसमोर येऊन बसायचे आणि ऊन कललं की उठायचे. मला तेव्हा माणसांचाच कंटाळा आला होता. दिवसभर बंद पडलेली यंत्रं आणि चिडलेली गिऱ्हाइकं. अण्णांचा मात्र त्रास वाटत नसे, कारण ते काही मागत नसत.

"हेडवाल्याला तहान न्हाई आन् टेलवाल्याला झोप न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चारीच्या तोंडाशी ज्यांची रानं ते हेडवाले, शेवटाला ज्यांची ते टेलवाले. पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग मागे सरकत हेडपर्यंत यायचं, असा नियम. तो पाळताना त्यांना दोनदा कालव्यात ढकललं होतं. "एकदा नुसती सायकल गेली, एकदा सायकलीसंगं मीबी गेलतो," हे सांगताना ते हसायचे, पण हसणं दमलेलं असायचं.

एका दुपारी वीज गेली. कूलर थांबला, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मग अण्णा एकाएकी म्हणाले, "माय, एका साली मी बी हेडला पाणी सोडलतं."

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"मेव्हण्याचा ऊस वाळाय लागलता. बहीण दारात येऊन बसली, उठंना. सोडलं मग. टेलचा भुईमूग समदा करपला. कुणी तक्रार सुदिक केली न्हाई बघ. त्यांला वाटलं, वरूनच पाणी कमी आलं." मग म्हणाले, "आजवर कुणालाच बोललो न्हाई. तुलाच सांगतुया."

मी "होतं असं, अण्णा" एवढंच म्हणाले. वीज आली, कूलर सुरू झाला, विषय तिथेच राहिला.

पुढच्याच महिन्यात आष्टीच्या एका स्टुडिओवाल्याचं मोठं काम आलं. लग्नाच्या व्हिडिओंवर काम करताना त्याचा कॉम्प्युटर तापून बंद पडायचा. त्याला पाण्यावर थंड राहणारा कॉम्प्युटर हवा होता. पेटीत एक छोटी टाकी, तिच्याखाली पंप. तिथून थंडाव्याचं पाणी, म्हणजे कूलंट, नळीने प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ब्लॉकमध्ये जातं, तिथून ग्राफिक्स कार्डावरच्या ब्लॉकमध्ये, मग रेडिएटरमध्ये थंड होऊन परत टाकीत. मी जोडणी केली आणि अण्णा खुर्ची ओढून बघत बसले.

"जास्ती कोण तापतंय?"

"ग्राफिक्स कार्ड."

"आन् त्येलाच शेवटाला टाकलंस? कावून?"

मी समजावलं. पाणी एवढं भराभरा फिरतं की थोड्या वेळात सगळीकडे जवळजवळ एकाच तापमानाचं होतं. कुणाला आधी, कुणाला नंतर, काही फरक पडत नाही. सगळ्यांना सारखंच मिळतं.

"सगळ्यांला सारखंच मिळतंय, आसं हेडवालेच म्हणत्यात," अण्णा म्हणाले.

मी हसून सोडून दिलं. संध्याकाळी चाचणी घेतली, तापमानाचे आकडे ठीक आले. दुसऱ्या दिवशी एका सुट्या भागासाठी मला बाहेर जावं लागलं. दुकान अण्णांवर सोपवून गेले आणि दोन तासांनी परतले तर स्टुडिओवाला येऊन बसला होता. त्याच्यासमोर चाचणी लावली. प्रोसेसरचा आकडा चढत चढत आदल्या दिवशीपेक्षा दहा डिग्री वर गेला. पेटीत वाकून पाहिलं, तर अण्णांनी नळ्या बदलल्या होत्या. पंपाची नळी कार्डाला, रेडिएटरची प्रोसेसरला. काम इतकं सफाईचं की थेंब सांडला नव्हता. पण मधली नळी होती तशीच राहिली आणि प्रोसेसरच्या ब्लॉकमध्ये पाणी बाहेर पडायच्या तोंडातून आत शिरू लागलं. त्या ब्लॉकला आत जायचं तोंड ठरलेलं असतं. उलटं पाणी गेलं की तो नीट थंड करत नाही. शेतातल्या पाइपाला असलं काही नसतं, अण्णांना ते माहीत असायचं कारण नव्हतं.

हे मला आज सुचतं. त्या वेळी मी घामाने चिंब होते, स्टुडिओवाला घड्याळाकडे बघत होता, आणि अण्णा म्हणाले, "टेलला आधी नको का द्याया?"

"मेव्हण्याच्या उसाला पाणी सोडलं, टेलचा भुईमूग जाळला, तेव्हा कुठं गेलं होतं तुमचं टेल?" मी ओरडले.

स्टुडिओवाल्याने चमकून पाहिलं. दारातल्या रिक्षावाल्यानेही मान वळवली. अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. "खरं हाय, माय," म्हणाले आणि निघून गेले.

चूक निस्तरायला अर्धा तास लागला. प्रोसेसरच्या दोन नळ्यांची फक्त अदलाबदल करायची होती. पाण्याचा क्रम मी अण्णांचाच ठेवला, कार्डाला आधी. पुन्हा सगळं उकलायचं त्राण माझ्यात नव्हतं. चाचणीत आकडे आदल्या दिवशीइतकेच आले.

अण्णा परत दुकानात आले नाहीत. आठवड्याने खोलीला कुलूप दिसलं. पायांना सूज आली म्हणून लेक चौसाळ्याला घेऊन गेली होती. मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

शेवटी मी चौसाळ्याला गेले. अण्णा खाटेवर पडून होते, चेहरा उतरलेला. मी कॉम्प्युटरपासूनच सुरुवात केली, कारण ते सोपं होतं. "तुमचाच क्रम ठेवला, अण्णा. कार्डाला आधी पाणी."

"आन् प्रोसेसर? त्यो आता टेलला गेला की."

"त्यालाही तेवढंच मिळतं. एका डिग्रीचा फरक नाही. पाणी गोल फिरतं, तिथं टेलच नसतं."

अण्णा आढ्याकडे बघत म्हणाले, "टेलच न्हाई. मग पाटकऱ्याचं कामच न्हाई तिथं. लई बरं हाय."

मग मी म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी मी बोलायला नको होतं. माझं चुकलं."

"बोललीस त्ये खोटं नव्हतं, त्याचं मला काई न्हाई," ते हळू म्हणाले. "पर त्ये माझं व्हतं, माय. मी तुझ्यापाशी ठेवाया दिलतं."

मी त्यांच्या उशाचा तांब्या भरून ठेवला आणि निघाले.

तीन आठवड्यांनी अण्णा गेले. दुकानात अजूनही लोक बसतात आणि काम होईपर्यंत आपलं काहीबाही सांगत राहतात. मी ऐकते, आणि कितीही डोकं फिरलं तरी एकाचं दुसऱ्याला सांगत नाही. ही सवय मला अण्णांमुळे लागली, पण अण्णांच्या उपयोगी पडली नाही.