रेडिएटरमधली उष्टी हळद

बोनेटच्या फटीतून शिट्टी वाजवत वाफ निघाली, तेव्हा आत्याबाईंनी सगळ्यात आधी मांडीवरची पितळी वाटी पदराखाली घेतली. आमचं काय व्हायचं ते होवो, वाटीला झळ लागता कामा नये.

"नामदेवा, हे काऊन पेटून राह्यलं?"

"पेटलं नाई आत्याबाई, उकळलं."

"मंग उतरव खाली!"

चुलीवरचं आधण उतरवावं तशी मी गाडी रस्त्याच्या कडेला उतरवली. हिंगणघाट मागे पडलं होतं, समुद्रपूर पुढे होतं. वैशाखाचं ऊन, दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी शेतं, आणि दूरवर एक विहीर. माणूस औषधालाही नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी ड्रायव्हरही होतो आणि मिस्त्रीही. शेठजींची मोटार स्वातंत्र्याच्या बरीच आधीची. त्यांच्या दिवाणजींच्या मुलाचं लग्न निघालं. मुलगा वडनेरचा, मुलगी समुद्रपूरची. नवरदेवाला लावलेली उष्टी हळद नवरीकडे पोचवायला शेठजींनी मोठ्या मनाने मोटार दिली. वाटी सांभाळायला नवरदेवाच्या आत्याबाई बसल्या.

मी आदल्याच दिवशी सांगितलं होतं, "शेठजी, रेडिएटर गळून राह्यला. कथलाचा डाग देऊ द्या, मंग न्या."

"लगन सरकते काय रे तुह्या डागासाठी? पानी डालते जा, चलाते जा."

"अन् बंद पडली तं?"

"तं ढकलत आणजो."

रेडिएटर म्हणजे गाडीच्या तोंडाशी असलेली बारीक नळ्यांची जाळी. इंजिनभोवती फिरून तापलेलं पाणी या जाळीत येतं, वारा खाऊन थंड होतं आणि परत इंजिनाकडे जातं. आजच्यासारखं रंगीत कूलंट तेव्हा कोण घालतो? विहिरीचं पाणी, तेच कूलंट. नळीला चीर पडली की पाणी रस्त्यावर आणि इंजिन तापावर. तरीही हाकत राहिलात तर पिस्टन जाम होतो. मग शेठजी म्हणाले तसं, ढकलत आणा.

तापलेलं टोपण उघडायचं नसतं, तोंड भाजतं. मी वाट पाहिली. आत्याबाईंना ते पाहवेना.

"अरे, पोरीचा काका आधीच मानपानावरून फुगून बसला हाय. हळद दुपारपावेतो नाई पोचली तं तो लगन मोडाले टपलाच हाय!"

खरं होतं ते. वाटी पोचल्याशिवाय नवरीला हळद लागणार नव्हती आणि मुहूर्त गोरजाचा होता. बाकीचं वऱ्हाड उन्हं कलल्यावर ट्रकने निघणार होतं.

विहिरीवरून डबा भरून आणला. इंजिन चालू ठेवून पाणी बेताबेताने ओतलं, कारण तापल्या इंजिनावर एकदम गार पाणी पडलं की लोखंड तडकतं. वरून ओतलं तेवढं खालून निघालं. माझ्याकडे साबणाची वडी होती, पण साबण चालतो पेट्रोलच्या टाकीला. पाण्यात तो विरघळून जातो. अशी चीर बुजवायला आम्हा मिस्त्री लोकांचा एकच हुकमी इलाज होता. मी आत्याबाईंच्या पदराकडे पाहिलं.

"काय पाह्यतं?"

"आत्याबाई, हळद टाकली तं ते चिरीत जाऊन बसते."

"कोणती हळद?"

मी पदराखालच्या वाटीकडे बोट दाखवलं. आत्याबाईंचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"नवरदेवाची हळद गाडीले? गाडीचं लगन लावून राह्यला काय तू?"

"मंग बसा. संध्याकाळी वऱ्हाड येईन, त्याच्यासंगं जाऊ."

त्यांनी विहिरीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, मग देवाचं नाव घेऊन वाटी पुढे केली. "अर्धीच टाकजो."

अर्धी टाकली. गळती धारेवरून थेंबावर आली. उरलेली अर्धी टाकली. थेंब थांबला. आत्याबाईंनी रिकाम्या वाटीकडे असं पाहिलं, की मी पाना हातात असूनही दोन पावलं मागे सरलो.

समुद्रपूरच्या वेशीवर, कडुनिंबाखाली त्यांनी गाडी थांबवायला लावली.

"खाली नळ असते नं याले? पाणी सोडाचा?"

"हाय जी. काऊन?"

"खोल."

जन्मात इतका मुकाट्याने हुकूम पाळला नसेल. वाटीत गरम, पिवळं-तांबडं पाणी उतरलं. आत्याबाईंनी ते निवळू दिलं, वरचं अलगद ओतून टाकलं आणि तळाचा गाळ बोटाने घोटला. निम्मी हळद, निम्मा गंज, वर नळाचं थोडं ग्रीस. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तोंडातून शब्द काढला तं पाह्य."

मांडवात वाटी वाजतगाजत गेली. काकांनी आत डोकावून पाहिलं आणि त्यांना रुसायला काही सापडेना. बायका म्हणाल्या, "काय रंग चढला वं पोरीले!" चढेल नाही तर काय, अर्धं लोखंड होतं त्यात. नवरीच्या गालावर ग्रीसचा काळा ठिपका उठला. तिच्या मावशीला तो गालबोट वाटला. "कोण्या शहाणीनं आठवणीनं लावलं," असंही ती म्हणाली. मी खांबाआड तोंड लपवून हसलो. आत्याबाई एकदाही हसल्या नाहीत.

लग्न थाटात लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-नवरी आणि आत्याबाई मागे, मी पुढे, असे परत निघालो. त्याच विहिरीजवळ गाडी पुन्हा उकळली. आता वाफेबरोबर पिवळे शिंतोडे उडाले. काचेवर उडाले आणि नवरदेव पाहायला वाकला तर त्याच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावरही.

"आत्या, हे पिवळं काय हाय वं?"

आत्याबाईंना एकाएकी खोकला आला. मी विहिरीकडे सटकायच्या बेतात होतो. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला.

"भाऊ, माह्या ओटीत हळकुंडं हायेत. कुटून देऊ काय?"

नवरी बोलत होती. लग्नातसुद्धा मी तिचा आवाज ऐकला नव्हता. आत्याबाईंचा खोकला जागच्या जागी थांबला.

"तुले... तुले कसं समजलं वं?"

"आमच्या विहिरीवर बाबाचं ऑइल इंजिन हाय, पाणी गळलं का बाबाबी हळदच टाकते. काल वाटी नाकाजवळ आली अन् तोच वास आला."

"मंग बोलली काऊन नाई?"

तिने खाली पाहिलं. "काका लगनच मोडाले बसले होते. मले कराचं होतं."

नवरदेव त्या शिंतोड्यांपेक्षा जास्त पिवळा, मग लाल झाला. मला त्या पोरीचं इतकं कौतुक वाटलं की हळकुंडं मीच कुटली, दगडावर, पान्याने. वडनेर गाठलं.

नंतर शेठजींनी मला डाग द्यायला एक दिवस दिला. रेडिएटर उघडला तर नळ्यांना आतून पिवळाधमक लेप. मिस्त्री म्हणून एवढंच सांगतो: हळदीवर गाडी घरापर्यंत येते, पुढे डाग द्यावाच लागतो. आणि नवरीला हळद लावताना ती गप्प बसली, तर तिला काही कळलं नाही असं समजू नये. आत्याबाई तसं समजल्या, आणि त्या दिवसापासून त्या घरातल्या किल्ल्या आत्याबाईंच्या कमरेवरून कोणाच्या कमरेला गेल्या हे सांगायला नकोच.