नळी बदलताना

नेमबाजीच्या रेंजवर तापलेल्या तेलाचा वास आला की कोकणातल्या आमच्या मसुरे गावातली ती दुपार आठवते. अमेरिकेत नोकरीला लागल्यावर मला जुन्या जर्मन मशीनगन जमवायचा आणि चालवायचा नाद लागला होता. रजेत घरी आल्यावर त्याचा व्हिडिओ मी आजोबांना हौसेने दाखवला. ते तरुणपणी इटलीत जर्मनांशी लढलेले. ओले काजू सोलता सोलता ते बघत होते. मध्येच गोळीबार थांबला. "नळी तापली की बदलूची लागता, तेवढो वेळ गोळीबार बंद," मी समजावलं. त्यांनी चिकाने काळ्या झालेल्या बोटांनी माझं मनगट आवळलं आणि फोनकडे बघत पुटपुटले, "धाव रे, आता धाव." गन पुन्हा सुरू झाली. मनगट सोडून ते म्हणाले, "माझो जोडीदार थंयच रवलो." माझा नाद अजून सुटलेला नाही. फक्त नळी बदलताना मी हात सावकाश चालवतो.